आपांच्या फोटोतला हात

आपा उंटाचा फोटो काढण्याआधी त्याची तब्येत विचारायच्या. कॅमेरा गळ्यात तसाच लोंबकळत ठेवून कुंपणाशी जायच्या, ‘कैफ हालक?’ म्हणायच्या आणि उत्तर येणार असल्यासारख्या थांबायच्या. मग डोळ्यांच्या कडा बघायच्या, गुडघे बघायच्या. ‘हिचा उजवा पाय दुखतोय गो,’ असं मला सांगायच्या. मी तोवर ट्रायपॉड रोवून, उजेड मोजून तयार असायची. सूर्य वर चढत असायचा, वाळूवरच्या सावल्या आखडत असायच्या आणि आपांची ओपीडी चालूच.

तीस वर्षं त्यांनी अबुधाबीच्या इस्पितळांत नर्सची नोकरी केली होती. गाव रत्नागिरीच्या खाडीकाठचं. खलिफा सिटीतल्या आमच्या व्हिलात त्या खालच्या मजल्यावर राहायच्या, मी वरच्या. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला, मुलगा शारजाला नोकरीला. त्यांना सगळेच आपा म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. निवृत्तीनंतर एक दिवस त्या जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, ‘तू ते रानात जाऊन फोटो काढतंस ना, मला शिकवशील? घरात बसून माझे हातपाय गोठतील.’ मी शाळेतली ग्रंथपाल; कुणी काही शिकव म्हटलं की मला बरं वाटतं. माझा जुना कॅमेरा मी त्यांना दिला.

पहिल्या दिवशी मी त्यांना अॅपर्चर समजावून सांगत होते. वहीत गोल काढले होते, आकडे लिहिले होते. आपांनी वहीकडे पाहिलं, मग लेन्समध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे डोळ्यातली बाहुली. अंधारात मोठी, उजेडात बारीक. रोज टॉर्च मारून बघितलीय मी. खलास?’ मला तेवढंच समजायला दोन पुस्तकं आणि एक उन्हाळा लागला होता. मी ‘हो, साधारण तसंच’ म्हटलं आणि वही मिटली. माझा मत्सर त्या दिवशी सुरू झाला. मला तेव्हा तो थकवा वाटला होता.

आम्ही सुट्टीच्या दिवशी सकाळी अल ऐनच्या रस्त्याने निघायचो. मोठा रस्ता सोडून आत गेलं की सपाट माळ लागतो, मधूनमधून गाफची झाडं, आणि उंटांचे गोठे. एका गोठ्यावर इद्रिस नावाचा सुदानी राखणदार होता. मी त्या गोठ्यावर आपांच्या आधी वर्षभर जात होते, पण त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. तो चौकटीत आला की मी हातानेच त्याला बाजूला व्हायला सांगायची आणि तो मुकाट्याने व्हायचा.

आपा पहिल्यांदा बरोबर आल्या, त्या दिवशी त्या पाण्याच्या टाकीपाशी रेंगाळल्या होत्या आणि मी एकटीच पुढे होते. इद्रिस खोलीतून धावत आला आणि हातवारे करत ओरडला, ‘मॅडम, सूरा! सूरा!’ मी ट्रायपॉड तिथेच टाकला, गाडीत बसले आणि चारी दारं आतून लावून घेतली. आपा सावकाश चालत आल्या, इद्रिसशी बोलल्या, मग माझ्या काचेवर टकटक केली. हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. ‘अगो बाय, उघड! अरबीत सूरा म्हणजे फोटो. तो आपला फोटो काढा म्हणतोय. तुला भोसकत नाय!’

मी खाली उतरले तेव्हा इद्रिस फेटा नीट बांधत होता. आपांनी त्याचे तीन फोटो काढले. एक उभा, एक बसलेला, एक उंटिणीच्या मानेवर हात टाकून. पुढच्या खेपेला त्याच्या हातात छापील प्रती ठेवल्या. त्याने त्या कपाळाला लावल्या आणि खोलीत नेऊन ठेवल्या. त्यानंतर आपा आल्या की तो उंटांना नावाने हाक मारायचा. ते यायचे, कुंपणावरून मान बाहेर काढायचे, आपांचा खांदा हुंगायचे. आपा काढायच्या ते फोटो समोरून असत, पापण्यांचे केस मोजता येतील एवढ्या जवळून. माझ्या हार्ड डिस्कवर उंटांच्या पाठींचा मोठा संग्रह आहे. ‘पहिला फोटो माणसाचा काढावा,’ त्या म्हणायच्या, ‘जनावर मग आपसूक येतं.’ आणि मला त्या उरलेली सगळी वर्षं सुराबाय म्हणत राहिल्या, चारचौघांतसुद्धा.

आकाशाचंही तसंच. धुळीच्या दिवशी उजेड मरतो, फोटो सपाट येतात, असं मी वाचलं होतं. त्या दिवशी मी घरी बसायची. आपा मुद्दाम त्याच दिवशी निघायच्या. ‘आभाळाला ताप आलाय,’ म्हणायच्या, ‘आजाऱ्याला बघायला नको जायला?’ त्या ताप आलेल्या पिवळ्या आभाळाचे फोटो त्या मला मोबाइलवर पाठवायच्या आणि मी अंगठ्याची खूण टाकून फोन पालथा ठेवायची. माझे यजमान एकदा म्हणाले, ‘अगं, तुझी विद्यार्थिनी जोरात आहे हं.’ मी म्हटलं, ‘नवशिक्यांचं नशीब असतं.’ ते वर्तमानपत्राआडून म्हणाले, ‘चार वर्षं?’

इथल्या आमच्या मंडळाचं दर वर्षी एक कॅलेंडर निघतं. सभासदांनी काढलेले फोटो मागवतात आणि तिघांची समिती बारा निवडते. मी त्या समितीत होते. मुखपृष्ठावरही सलग तीन वर्षं माझाच फोटो होता. चौथ्या वर्षी आपांनी एकच फोटो पाठवला.

वाऱ्याचा दिवस होता. सगळीकडे धूळ, जमीन आणि आभाळ यांच्यामधली रेघच पुसलेली. त्यात एक उंटीण वाऱ्याकडे पाठ करून उभी, आणि तिच्या पोटाच्या आडोशाला आदल्या दिवशी जन्मलेलं पिल्लू, चारही पाय चार दिशांना फाकलेले. डाव्या कडेने इद्रिसचा काळा, सुरकुतलेला हात आत आला होता. पिल्लाला त्याचा स्पर्श होत नव्हता. ते पडलंच तर धरायला तो तयार होता, एवढंच. मी फोटो मोठा करून पाहिला. मी असा फोटो कधी काढला नव्हता, आणि काढणारही नव्हते, हे मला त्याच क्षणी कळलं.

समितीतल्या दोघांना तो आवडला. ‘मुखपृष्ठाला घेऊ या का?’ सरचिटणीसबाई म्हणाल्या. मी चष्मा पुसला. म्हटलं, ‘भाव चांगला आहे. पण कडेला कुणाचा तरी हात आलाय, पाहिलंत? चौकट सांभाळता आलेली नाही. छापल्यावर हसतील लोक.’ फोटोतलं मला कळतं, असं सगळे धरून चालत. फोटो बाजूला पडला. मुखपृष्ठावर माझी वाळूची टेकडी आली, नेहमीसारखी स्वच्छ, एकही माणूस नसलेली.

आपांना मी सांगितलं, ‘समितीला नाही पसंत पडला. हाताचं काहीतरी म्हणत होते.’

त्या सांदण वाफवत होत्या. भांड्याचं झाकण उचलत म्हणाल्या, ‘हात काढला तर ते पोर कुणाच्या भरवशावर उभं राहील?’ मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘असू दे गो. तुझी टेकडी बरीक झकास हाय.’ त्यांनी कॅलेंडरच्या पाच प्रती घेतल्या आणि गावाला पाठवल्या. प्रत्येकीवर ‘माझ्या टीचरचा फोटो’ असं लिहिलं. मी समोर बसून सांदण खात होते. चार खाल्ली.

पुढच्या वर्षी त्या आजारी पडल्या. नर्स असल्यामुळे त्यांना रिपोर्ट कुणी समजावून सांगावा लागला नाही. ‘इथं कशाला पडून राहू, खाडी बघत पडेन,’ म्हणाल्या आणि गावी गेल्या. फोनवर मी दर वेळी ठरवायची की आज सांगायचं. त्या तिकडच्या आभाळाचं बोलायच्या, मी इकडच्या उंटांचं, आणि सांगायचं राहून जायचं. गेल्या महिन्यात त्या गेल्या.

त्यांच्या मुलाचा फोन आला. ‘आँटी, मंडळात शोकसभा ठेवलीय. मम्मीने काढलेला एखादा फोटो मोठा करून लावायचाय. तुम्हीच चूज करा. ती म्हणायची, फोटोतलं तुम्हाला कळतं.’

मी तोच निवडला. दुसरा कुठलाही निवडता आला असता. आभाळाचे कितीतरी होते.

सभेत तो फोटो पाहून सरचिटणीसबाई जवळ आल्या. ‘हा आपल्याकडे आला होता ना? मग कसा राहिला?’ मुलगा शेजारीच उभा होता.

‘मी नको म्हटलं होतं,’ मी म्हणाले. ‘हात आलाय म्हणून नाही. माझ्यापेक्षा चांगला होता म्हणून.’

मला वाटत होतं, काहीतरी कोसळेल. मुलगा फोटोकडे वळला. मग म्हणाला, ‘मम्मीला सांगितलं होतंत?’

‘नाही.’

त्याने मान हलवली आणि आलेल्या लोकांकडे गेला. तो पुन्हा माझ्याशी बोलला नाही. त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

या वर्षीच्या मुखपृष्ठावर तो फोटो येतो आहे. निर्णय झाला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात आधी आलं ते हे, की म्हणजे माझा नाही. मेलेल्या माणसाचा मत्सर वाटत नाही, असं पुस्तकांत असतं. मला वाटतो.

फोटोखाली छापायची ओळ लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. आपांचं पूर्ण नाव मला सरचिटणीसबाईंकडून घ्यावं लागलं. इतक्या वर्षांत मी ते कधी विचारलंच नव्हतं. ते कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं. त्याच्यापुढे कंसात ‘यांना छायाचित्रण शिकवलं’ असं लिहून मी माझं नाव घातलं. थोडा वेळ ते वाचत बसले. मग कंस खोडला, आणि खालचं अक्षर दिसू नये म्हणून दुसरा कागद घेतला.