मनातलं एजंटला कळत नाही

मला चिडायला फार काही लागत नाही. त्या दिवशी तर निमित्त चांगलं मोठं होतं. आमचा एआय एजंट चार्जिंगचं सॉकेट बोर्डाच्या काठावरून उचलून थेट मधोमध ठेवून मोकळा झाला होता. पिन खुपसायची कुठे, कपाळात?

सर्किट बोर्ड डिझाइन करायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत मी काम करते, बहुतेक दिवस खांदा कॉलनीतल्या घरातूनच. आधी मी स्वतः बोर्ड मांडायचे. आता ते काम एजंट करतो आणि मी त्याच्यासाठी लिहिते, की सॉफ्टवेअरमधलं कुठलं टूल काय करतं आणि कधी वापरायचं. थोडक्यात वर्णन. एजंटला तेवढंच ठाऊक. भाग हलवायच्या टूलचं वर्णन माझंच होतं : 'भाग मोकळ्या जागी हलवतं.' संपलं. सॉकेट काठावरच लागतं, बाहेरच्या डब्याला भोक तिथेच असतं, हे काय लिहायचं? आमच्या धंद्यात पोरासोरांनाही कळतं ते.

"कळतं, पण तू लिहिलंयस कुठे?" टीम लीड फोनवर हसून म्हणाली. "त्याला तुझ्या मनातलं नाही कळत गं बाई."

मग बसले नव्याने लिहायला. डब्याला जोडलेला भाग हलवू नका. तो जागेवर पक्का केलेला आहे का, आधी तपासा. शंका असेल तर थांबा आणि विचारा. एवढं लिहिलं आणि एकदम भरून आलं. कारण आमच्या घरी नवरा विचारतो. दरवेळी विचारतो.

तो बोटीवर इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे. करार संपत आला की कंपनी त्याला आणखी काही महिने थांबायला सांगते, आणि तो फोन करून म्हणतो, "काय करू? थांबू?" मी म्हणते, "बघ बाबा, तुला बरं वाटेल ते." सासरची रीतच तशी. उरणच्या कोळ्यांचं घर. दर्यावर गेलेल्या माणसाला 'परत ये' म्हणायचं नाही, त्याचं मन मागे ओढलं जातं म्हणे. नवी नवरी होते तेव्हा सासूबाईंनी हे सांगितलं, आणि मी, एरवी कुणाचं मुकाट ऐकणारी नव्हे, नेमकं हेच ऐकलं. तो थांबायचा. इकडे मी कपाटातले त्याचे धुतलेले शर्ट पुन्हा धुवायचे. मासळी बाजारात त्याच्या आवडीच्या खाडीतल्या निवट्या दिसल्या तर तोंड फिरवून पुढे जायचे. इतकी आठवण यायची, की राग यायचा.

त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. सासूबाई माझ्याजवळच जमिनीवर बसून कोलंबी सोलत होत्या, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला.

"परत विचारतायत," तो म्हणाला. "उद्या सही करायचीय. थांबू का?"

'बघ बाबा' अगदी ओठावर आलं होतं. ते गिळलं. "सही करू नकोस," मी म्हटलं. "घरी ये. मला तू इथे हवायस. थांबलास तर मला चालणार नाही, अजिबात चालणार नाही."

इंजिनाच्या घरघरीतून त्याचा आवाज आला.

"मला वाटायचं, तुला चालतं," तो म्हणाला. "उगाच का विचारायचो मी? एकदा 'नको' म्हणाली असतीस, तर केव्हाच आलो असतो गं."

कप्पाळ माझं! मी रडले, सरळ सासूबाईंच्या देखत. तो गडबडला, "येतो गं, येतो," म्हणत राहिला.

फोन ठेवला तेव्हा वाटलं, आता बोलणी बसणार. रीत मोडली होती, तीही त्यांच्यासमोर. सासूबाईंनी कोलंबी बाजूला सारली. सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. तेही जन्मभर दर्यावरच होते.

"बोललीस ता बरा झाला," त्या म्हणाल्या. "मी त्याच्या बापाला कदी बोललीच नाय."

"का पण?"

"त्याला ठावूक हाय, आसा वाटायचा मना."