कोटाची साक्ष

"दिसत नाही, दिसत नाही काय सांगताय? ते दिसायलाच हवं होतं," मोठ्या जाऊबाई म्हणाल्या आणि डाव्या हाताने कोट टेबलावर असा आपटला की कप बशीत नाचले.

भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, खुर्चीच्या कडेवर बसले होते. ते रफूगर. फाटलेल्या कपड्याच्याच शिवणीतून धागे काढून ते भोक असं विणतात की आपला कपडा कुठे फाटला होता ते गिऱ्हाइकालाही सापडत नाही. चाळीस वर्षांत त्यांना मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "दिसत नाही" हे दोन शब्द. आणि त्याच दोन शब्दांवरून सकाळपासून घरात खडाजंगी चालली होती.

"निदान एक फोटो काढायचा होता, बाबा," त्यांचा मुलगा म्हणाला. तो सव्वीस वर्षांचा आणि सहा फूट उंच, पण घरात अजून बाळच.

भाऊजींनी खाली मान घालून सांगितलं की आपल्या घरात फाटका कपडा तसाच टांगून ठेवलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. ते खरंच होतं. आमच्याकडे पायपुसणंसुद्धा उसवलं तर संध्याकाळच्या आत शिवून होतं. वरच्या मजल्यावर ती दोघं आणि बाळ, खाली आम्ही, आणि मी लग्न होऊन आल्यापासून माझी एकही बटण तुटलेली साडी किंवा पिशवी दुसऱ्या दिवसापर्यंत तशी राहिलेली नाही. बटण तुटलेली साडी नसते हे मला कळतं, पण या घरात ती असती तरी त्यांनी लावून दिलं असतं.

झालं होतं ते असं. जाऊबाई कोटांच्या दुकानात कापड बेततात. मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. माणूस दारातून आत आला की त्याचा कुठला खांदा उतरता आहे हे त्या टेप हातात घ्यायच्या आधी सांगतात. चार महिन्यांपूर्वी दुकानात जायला त्यांनी अ‍ॅपवरून गाडी मागवली. डावीकडे, मागच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला. चौकापुढे उभ्या असलेल्या टेम्पोवर गाडी मागून जाऊन आदळली. पुढच्या सीटच्या पाठीवर त्यांचं उजवं मनगट आपटून मोडलं. हाड जुळलं, पण अंगठा आणि तर्जनी आता एकमेकांना नीट भेटत नाहीत. कात्री धरली तर सटकते. डॉक्टरांनी थोडी सुधारणा होईल म्हणून सांगितलं होतं, पण जाड लोकरीचं कापड कापण्याइतकी नाही.

गाडीच्या कंपनीचा विमा होता, त्यावर दावा केला. आणि सोमवारी पत्र आलं. चालकाने लिहून दिलं होतं की मागच्या बाईंनी पट्टा लावला नव्हता. म्हणजे इजेत त्यांचाही दोष, म्हणून भरपाई निम्मी. मान्य असेल तर शुक्रवारपर्यंत सही करा, नंतर हाही देकार राहणार नाही.

जाऊबाईंना निम्मेपणाचा राग आलाच, पण त्याहून जास्त राग "लावला नव्हता" याचा आला. आयुष्यभर अर्ध्या बोटाचा फरकही चालवून न घेतलेली बाई, आणि तिच्याबद्दल कागदावर खोटं माप लिहिलेलं.

पट्ट्याचा वळ मी पाहिला होता. इस्पितळातून आल्यावर पहिले पंधरा दिवस मीच त्यांना आंघोळ घालत होते. डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत निळाजांभळा पट्टा उमटला होता. पण इस्पितळात सगळे हाताकडेच बघत होते, आणि जाऊबाईंनी "बाकी काही नाही" म्हणून सांगून टाकलं. कागदात वळाचा उल्लेख नाही. वळ तर कधीच गेला. दाव्याचं काम बघणाऱ्या वकीलबाई फोनवर म्हणाल्या, जावेने पाहिलं असं सांगता येईल, पण घरच्या माणसाच्या शब्दाला वजन किती, तुम्हीच ठरवा.

राहिला कोट. जाऊबाईंनी स्वतः बेतून, स्वतः शिवलेला, चौदा हिवाळे घातलेला करडा लोकरी कोट. पट्ट्याने तो खांद्यापाशी आणि खाली कमरेपाशी फाटला होता. त्या इस्पितळात असताना भाऊजी दिवसभर वर एकटेच. डबा पोचवून आले की खिडकीत बसायचे आणि कोटावर वाकायचे. अकरा दिवस. बायको घरी आली तेव्हा कोट कपाटात नव्यासारखा. गिऱ्हाइकाचा कपडा असला की सुई लावण्याआधी ते फाटल्याचा आकार कागदावर काढून घेतात, खाली गिऱ्हाइकाची सही घेतात, नंतर वाद नको म्हणून. इथे तो कागदही नव्हता. घरच्या कामाला कसला कागद.

मंगळवारी दुपारी वकीलबाई आल्या. माझ्या भाचीच्या वयाच्या, बोलायला चटपटीत. त्यांनी भिंग आणलं होतं. कोट खिडकीशी नेला, उलटा केला, उजेडासमोर धरला. बराच वेळ शोधून त्या थकल्या.

"काका, तुम्ही फार चांगलं काम केलंत," त्या म्हणाल्या, आणि भाऊजींचा चेहरा एवढासा झाला. आता सही करून टाकावी, असंच त्यांनी सुचवलं. निम्मे का होईना, हातात येतील. कोर्टात गेलं तर दोन-तीन वर्षं, आणि पुरावा असा बुजलेला. बाळही तेच म्हणत होता.

जाऊबाईंनी कोट पुढ्यात ओढला आणि डावा तळवा छातीच्या भागावरून हळूहळू फिरवू लागल्या, ताप बघावा तसा. मग थांबल्या.

"अहो, अस्तर उसवलं होतंत का?"

"नाही," भाऊजी म्हणाले.

"खांद्याचं एवढं काम केलंत. आतून हात घातल्याशिवाय?"

"वरूनच केलं. अवघड गेलं." मग कोटाकडे बघत, "आतलं काम तुझं आहे. तुझी शिवण मी कशी उसवणार?"

ज्यांनी कोट शिवलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. कोटाच्या छातीत बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्या मधे एक जाड कॅनव्हास असतं. त्याच्यामुळे कोट अंगावर उभा राहतो. ते शेकडो बारीक टाक्यांनी कापडाला धरून ठेवतात, आणि हे टाके कोणाला कधी दिसत नाहीत. जाऊबाईंचे टाके एकेक ज्वारीच्या दाण्याएवढे, एकाच तिरक्या ओळीत असतात. घालणाऱ्याला ते दिसत नाहीत, तरी.

जाऊबाईंनी माझ्याकडे ब्लेड मागितलं. मी ते आणायला उठलेही, तेवढ्यात वकीलबाई जवळजवळ ओरडल्या, "हात लावू नका." मग स्वतःच खालच्या आवाजात म्हणाल्या, "इथे उसवलंत तर विमावाले म्हणतील, आतलं घरी बसून मोडलं. त्यांच्या समोर उसवू."

गुरुवारी आम्ही चौघं आणि वकीलबाई विमा कंपनीच्या कचेरीत गेलो. कोट मी उशीच्या अभ्र्यात घालून तान्ह्या मुलासारखा मांडीवर धरला होता. दावे बघणारे साहेब मवाळ बोलणारे, चष्मा कपाळावर चढवून ठेवलेले. त्यांच्यामागे छतापर्यंत फायली होत्या. रोज इतके मोडलेले हातपाय कागदावर वाचून त्यांच्या तोंडावर एक कायमचा कंटाळा आला होता. त्यांनी कोट पाहिला आणि साहजिकच विचारलं, यात दाखवायचं काय आहे?

जाऊबाई म्हणाल्या, "आधी मी काढते. मग तुम्ही बघा."

कोट टेबलावर पसरून सगळी बटणं लावली. शिंप्याचा पांढरा खडू त्यांनी डाव्या हातात घेतला. त्या हाताने त्यांनी जन्मात रेघ मारलेली नव्हती. उजव्या हाताची तीन बोटं, जी अजून मिटतात ती, कापडावर दाबून पुढे सरकत होती, आणि मागून डावा हात खडू ओढत होता. डोळे मिटलेले. डाव्या खांद्यावरून निघून, बटणांची रांग ओलांडून, उजव्या कमरेपर्यंत रेघ गेली. जराशी थरथरत, पण सलग. मग त्यांनी वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक फुली केली.

"इथे आणि इथे फाटला होता. मधे आतलं मोडलंय."

साहेबांनी चष्मा खाली घेतला. वकीलबाईंनी त्यांच्यापुढे टाचण्यांचा डबा सरकवला आणि म्हणाल्या, तुम्हीच रेघेवर टाचण्या टोचा, अस्तरापर्यंत आरपार, म्हणजे नंतर शंका नको. साहेबांनी सात टाचण्या टोचल्या, शाळेत फळ्यावर गणित सोडवायला उठवलेल्या मुलासारखं जपून.

पहिली पाळी भाऊजींची होती. त्यांनी सुईचं टोक वरच्या फुलीत घातलं, एक धागा उचलला, ओढला. मग दुसरा. मी त्यांच्या शेजारी होते. अकरा दिवस खपून जे कापड सलग केलं होतं ते बघता बघता तोंड उघडू लागलं, चार बोटं लांब, तिरकं, खडूच्या रेघेच्या बरोबर टोकावर. भाऊजी एकदाही थांबले नाहीत. फक्त काढलेला प्रत्येक धागा ते टेबलाच्या काचेवर सरळ ठेवत गेले.

साहेब म्हणाले, इतकं बेमालूम काम करता येतं, मग आत मोडलंय म्हणता तेही तुम्हीच केलं नसेल कशावरून? प्रश्न रास्त होता. बाळाने तोंड उघडलं, पण भाऊजीच बोलले. परक्या माणसाशी ते तीन वाक्यांपलीकडे जात नाहीत.

"मला बुजवता येतं, साहेब. मोडता येत नाही. तिचे टाके एका रेघेत ओढायचे तर माणूस आत घालून कोट पुढच्या सीटवर आपटावा लागेल."

मग बटणं सोडून भाऊजींनी कोट ताणून धरला आणि जाऊबाईंनी डाव्या हाताने अस्तर उसवलं. वेळ लागला. ब्लेड दोनदा घसरलं. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी नुसतं पाहिलं, मी हात मागे घेतला. आधी डावा भाग, मग उजवा. आणि त्यांनी अस्तर पुस्तकाच्या पानासारखं उलटं टाकलं.

मी त्यांच्यासोबत एकाच घरात एकोणीस वर्षं राहिले आहे. त्यांचं काम मी तोवर बाहेरूनच पाहिलं होतं. आत शेतात पेरणी व्हावी तसे टाके होते, ओळीच्या ओळी, एकसारखे, श्वास घ्यावा इतक्या नियमाने घातलेले. आणि त्यांच्यामधून, खांद्यापासून कमरेपर्यंत, तीन बोटं रुंद एक वाट गेली होती. त्या वाटेवरचा प्रत्येक टाका एकाच दिशेला झुकला होता. कॅनव्हास मधोमध मोडून त्याला पांढरी घडी पडली होती. वाटेच्या काठाबाहेरचा एकही टाका हललेला नव्हता. आणि साहेबांच्या सातही टाचण्यांची टोकं त्या वाटेच्या आतून वर आली होती.

चहावाली बाई दार ढकलून आत आली, टेबलाकडे बघितलं आणि ट्रे हातातच धरून उभी राहिली. मला कळत नव्हतं की मी पुरावा बघते आहे की एका माणसाची चौदा वर्षांपूर्वीची बोटं. ती बोटं अशी होती. आता नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच कापडावर लिहिलेल्या होत्या.

साहेबांनी बोट पुढे केलं, पण लावलं नाही.

"हे सगळं हातानं?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा हात होता," जाऊबाई म्हणाल्या.

वकीलबाईंनी फोटो काढले, पंचनामा लिहिला, साहेबांची सही घेतली. सही करून ते म्हणाले की मी जे पाहिलं ते वर कळवीन. पण शुक्रवारची मुदत माझ्या हातात नाही. वरचे लोक कोट बघायला येत नाहीत, कागद बघतात. कोर्टात काय होईल तेही मी सांगू शकत नाही. दारापर्यंत ते आम्हाला सोडायला आले. एरवी असं ते करत असतील असं वाटलं नाही.

परत येताना बाळ गाडी मागवायला निघाला, तर जाऊबाई चालत निघाल्या. वाटेत बाळ पुन्हा त्याच मुद्द्यावर आला. वर कळवलं म्हणजे काय, वरचे नाही म्हणाले तर निम्मेही गेले. वकीलबाईंनी दोन्ही बाजू मांडल्या आणि निर्णय तुमचा म्हणून हात जोडून वळल्या. भाऊजी कोट सांभाळत मागून येत होते.

संध्याकाळी आम्ही सगळे वर जमलो. माझे यजमान कामावरून आले होते, त्यांना बाळाने सगळं सांगितलं, टाचण्यांपाशी आल्यावर त्याचा आवाज आपोआप खाली आला. मग तो आईला म्हणाला, "आई, कालपर्यंत मी भरपाईबद्दल बोलत होतो. आता तुझ्याबद्दल बोलतोय. तीन वर्षं तुला कोर्टात उभं करतील. त्या माणसांना हे दाखवायचं, पुन्हा पुन्हा. कशाला?"

जाऊबाई तांब्यातलं पाणी प्यायल्या. त्यांनी सहीचं पत्र उचललं, दोन घड्या केल्या आणि वकीलबाईंना द्यायच्या फायलीत ठेवून दिलं.

"मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या. "सोमवारी दावा कोर्टात दाखल होईल. साक्षीला हे येतील आणि धाकटी जाऊ येईल. दुकानात मी उद्यापासून जाणार, बेत मी सांगेन, कात्री दुसऱ्याच्या हातात. पानं घ्या."