होडीवरचा फुकटचा गणपती

अभनपूरच्या एका जुन्या लाकडांच्या व्यापाऱ्यानं मला फसवलं. त्यानं मला एक वस्तू फुकट दिली.

माझे बाबा वैनगंगेच्या काठचे. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून ते रायपुरात घराबाहेरच पडत नाहीत. मरायच्या आधी एकदा होडीत बसायचं आहे, एवढंच म्हणाले. (त्यांच्या जागी मी असतो तर दोन होड्या मागितल्या असत्या.) मी अंगणात स्वतःच्या हातानं होडी बांधली. खारून नदीत उतरवायची तेवढी बाकी होती. पण ती दिसत होती गुरांच्या हौदासारखी! म्हटलं, कडेनं सागाच्या कोरीव पट्ट्या लावू.

अभनपूरचा हा भैया पाडलेल्या घरांची दारं-चौकटी विकतो. त्याच्याशी मी असा भांडलो, की त्याचा चहा गार झाला. भाव ठरल्यावर सवयीनं विचारलं, "भैया, ऊपर से क्या दोगे?"

त्यानं दारावरचा कोरीव गणपती काढून दिला. मी लढाई जिंकल्यासारखा घरी आलो. पट्ट्या कडेला ठोकल्या आणि गणपती पुढच्या टोकाला, चांगले लांब स्क्रू घालून.

बाबा इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले. होडीत बसून बघायला त्यांनी पाय उचलला, तोच आई म्हणाली, "अहो, देव बसला आहे तिथं. पाय काहून ठेवून राहिले?"

मी म्हटलं, नदीवर गेल्यावर बसतील.

"नदीत नेता याले?" बायकोनं विचारलं.

"मग काय गच्चीवर नेऊ?"

"गणपती पाण्यात गेला म्हणजे विसर्जन झालं. तिथून परत आणते का कोणी?"

बाबांनी पाय खाली ठेवला.

मी स्क्रू ड्रायव्हर शोधायला आत गेलो. तेवढ्यात आईनं दुर्वा वाहिल्या, कुंकू लावलं, आणि शेजारच्या दीदी नारळ घेऊन हजर! आता हात लावायचा तर गुरुजींना विचारून. गुरुजी म्हणाले, बसला आहे तिथंच राहू द्या, नाहीतर आसनासकट विसर्जन करा. आसन म्हणजे माझी होडी!

आता सगळा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, अंगणात आरतीला जमतो. मी माझ्याच फाटकाशी चपला काढतो. बाबा होडीशेजारी खुर्ची टाकून बसतात. काल विचारलं, "इथून पाणी किती दूर आहे रे?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि टाळ्या वाजवू लागले.

भैया फोन उचलत नाही. मी मागितलं, मान्य. मी सगळ्यांकडेच मागतो. जन्मात एकानंही दिलं नाही! मग यानंच काहून दिलं? त्यानं इथं यावं आणि माझ्या बापासमोर उत्तर द्यावं. येताना हात हलवत येऊ नये.