नावं झाकून मोजणारे राव

स्लाइडवरचं नाव चुकून जरी दिसलं, तरी राव ती मोजायला नकार देत. मी नावांवर कोऱ्या चिठ्ठ्या डकवायच्या, वर नुसते आकडे घालायचे आणि कुठला आकडा कशाचा याची यादी कुलपात ठेवायची. मगच ते मायक्रोस्कोपला डोळा लावून तुटलेली गुणसूत्रं मोजत. “ठावें झालें की डोळा लबाडी करतो, मा,” म्हणायचे. तंजावरची जुनी मराठी, वर तमिळ हेल आणि बाईमाणसाला लावायचं तमिळ ‘मा’. २००४ साली पुण्याहून चेन्नईला पीएचडीसाठी आलेली मी त्या बोलण्याला तोंड लपवून हसायचे. या साध्या तंत्रज्ञाइतकी स्वच्छ नजर आमच्या विभागात कुणाचीच नव्हती, हे कळायला मला वर्ष लागलं.

क्रोमियममुळे रक्तपेशींतली गुणसूत्रं तुटतात. आवळ्याच्या अर्काने ती वाचतात का, हे आम्ही पाहत होतो. प्रयोगाला पैसे देणाऱ्या, चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या एका क्रोम प्लेटिंग कारखान्याला उत्तराची घाई होती. कामगारांना गोळ्या वाटून भागलं, तर टाक्यांतली क्रोमियमची वाफ बाहेर ओढणारे पंखे बसवायला नकोत! रावांचा जावई तिथेच टाकीवर उभा राहायचा. आवळ्याने काम करावं, असं रावांइतकं कुणाला वाटत असेल?

मोजणी संपली, मी यादी उघडली. अर्क दिलेल्या पेशींतही गुणसूत्रं तेवढीच तुटली होती. रावांनी मायक्रोस्कोपवर आच्छादन चढवलं. मग म्हणाले, “अस्कें आहे तसें लिही.” अस्कें म्हणजे सगळं.

माझे मार्गदर्शक असलेल्या सरांनी मला बोलावलं. “रावांचं वय झालंय. तू पुन्हा मोज. आता यादी उघडलीच आहे, चिठ्ठ्या कशाला?” माझा प्रबंध त्यांच्याच सहीसाठी अडला होता. मी मोजलं. जाणूनबुजून एकही आकडा खोटा लिहिला नाही. पण क्रोमियमच्या स्लाइडवर मला जी चीर दिसे, तीच अर्काच्या स्लाइडवर रंगाची रेघ वाटे. आवळा जिंकला. शोधनिबंध छापून आला, त्यात रावांचं नाव आभारातसुद्धा नव्हतं. लोक मला डॉक्टर म्हणू लागले.

निवृत्तीच्या दिवशी रावांनी पिशवीतून गोळ्यांची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. “जावयाला दिली कारखान्यानें. पंखा नाहीं आला, हें आलें. तूं मोजलीस ना, मा? तूंच सांग, किती देऊं त्याला?”

आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. गोळ्या फेका, पंख्यासाठी भांडा, एवढंच सांगायचं होतं.

“सकाळ-संध्याकाळ दोन-दोन,” मी म्हणाले.