संगणकावरचं पातेलं

दही लागेना म्हणून मी एका सॉफ्टवेअरशी भांडले आणि त्याचा मला अजूनही काडीचा पश्चात्ताप नाही.

अवोन्डेलमधलं आमचं घर लाकडी आहे. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, ते इतकं गारठतं की खोबरेल तेल बाटलीतून चमच्याने खरवडून काढावं लागतं. आई पुण्याहून कायमची आमच्याकडे राहायला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने घरभर हात लावून ऊब शोधली आणि ती तिला तिच्याच खोलीत, कोपऱ्यातल्या जुन्या संगणकाच्या डब्यावर सापडली. तेव्हापासून विरजणाचं पातेलं टॉवेलात गुंडाळून त्याच्यावर बसतं. नवरा आधी फार कुरकुरला. पण सकाळी मला, त्याला आणि लेकीला सुरीने कापावं असं दही वाटीत मिळायला लागल्यावर गप्प झाला.

संगणक गरम असायचा, कारण तो रात्रंदिवस राबायचा. आईला पार्किन्सन्स आहे. मी फार्मसिस्ट, त्यामुळे तिच्या गोळ्या काय करू शकतात हे मला ठाऊक आहे आणि काय करू शकत नाहीत हेही. अशा आजारांत शरीरातली प्रथिनं चुकीची का दुमडतात, याचा शोध घेणारा एक प्रकल्प आहे. त्याचं अफाट गणित जगभरच्या लोकांच्या घरच्या संगणकांवर वाटून दिलेलं असतं. आपण त्यांचा प्रोग्राम घ्यायचा. तो गणिताचा एक तुकडा आणतो, सोडवतो आणि मुदतीत परत पाठवतो. आईचा हात थरथरताना नुसतं बघत बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी तो संगणक या कामाला जुंपला. आई त्याला गिरणी म्हणते.

मग एका सकाळी दही लागलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी दुधाला दोष दिला आणि दूध बदललं. मग विरजणाला दोष दिला आणि भर पावसात गाडी काढून सँडरिंगहॅमच्या वाण्याकडून नवं आणलं. "मम, जस्ट बाय सम ॲट द डेअरी," लेक म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. कोपऱ्यावरच्या दुकानातलं ते गोड, गुळगुळीत प्रकरण मी दही मानत नाही. माझा संशय गाईपासून दुकानदारापर्यंत सगळ्यांवर फिरून आला. शेवटी आईच म्हणाली, "अगं, गिरणीचा आवाज कुठे येतोय?"

मी हात लावून पाहिला. डबा थंडगार. संगणक चालू होता, पण हातावर हात ठेवून बसला होता. पडद्यावर हिरवीगार खूण आणि खाली संदेश: धोका दूर केला, तुमचा संगणक सुरक्षित आहे. नवऱ्याने नवीन अँटिव्हायरस टाकला होता आणि त्याने प्रकल्पाची मुख्य फाइल व्हायरस ठरवून काढून टाकली होती. प्रोग्राम बिचारा ती पुन्हा आणायचा, हा पुन्हा फेकून द्यायचा. अर्धे सोडवलेले तुकडे वाया गेले होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या घरात शिरून माझं काम उचलून फेकायचं आणि वर माझंच अभिनंदन करायचं!

मी अँटिव्हायरसवाल्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड होता. "किया ओरा!" असा इथला नमस्कार करून तो म्हणाला, "तो प्रोग्रामच काढून टाका, मग स्वीट ॲज, सगळं झकास."

"आणि मी तुमचाच काढून टाकला तर?" मी विचारलं. तो हसला. मी हसले नाही.

हॉस्पिटलात असे पेशंट मी नेहमी बघते. लहानपणी कधीतरी अंगावर पुरळ आलं, कोणीतरी 'पेनिसिलिन चालत नाही' असं लिहून ठेवलं, आणि मग म्हातारपणापर्यंत योग्य ते औषध त्या माणसाच्या वाट्याला येत नाही. पुन्हा तपासायचे कष्ट कोणी घेत नाही. मी घेते. शहानिशा झाली की तो शिक्का पुसायला लावते, डॉक्टरांनी कितीही नाक मुरडलं तरी. या फाइलचंही मी तेच केलं. प्रकल्पाच्या पानावर कितीतरी जणांची हीच तक्रार होती. फाइल आमचीच आहे, हवं तर तिची आकडे-अक्षरांची ओळखखूण जुळवून बघा, असं चालवणाऱ्यांनी लिहिलं होतं. मी जुळवली. अक्षर न् अक्षर जुळलं. आता अँटिव्हायरसला एवढंच सांगायचं होतं, की या फोल्डरला हात लावायचा नाही.

संध्याकाळी आईच्या खोलीत गेले तर संगणकासमोर नवरा ठाण मांडून बसलेला. तो आयटीतला, सुरक्षा हीच त्याची रोजीरोटी. "एक अपवाद केला की भिंतीला भोक पडतं," तो म्हणाला.

"मी तपासलंय सगळं."

"अगं, पण एवढा हट्ट कशासाठी? आईंना याचा उपयोग होणार आहे का?"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. आई पलंगावर बसून कोमट दुधात विरजण ढवळत होती आणि तिच्या हातातला चमचा पातेल्यावर टणटण वाजत होता. उत्तर 'नाही' असं होतं, आणि ते मी तिच्यासमोर कधीच उच्चारलं नव्हतं. मला त्याचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं.

"मला माहीत आहे हो," आई जावयाला म्हणाली. ढवळणं थांबलं नव्हतं. "मला दही तरी कुठे सोसतं? जन्मात खाल्लं नाही. लावते की रोज."

नवरा खुर्चीवरून उठला. मी बसले. ही फाइल धोकादायक असू शकते, तरीही परवानगी द्यायची का, असं पडद्याने विचारलं.

"द्यायची," मी मोठ्याने म्हणाले आणि बटण दाबलं.

थोड्या वेळाने पंखा घरघरू लागला. आईने पातेल्यावर झाकण ठेवलं. नवऱ्याने तिच्या हातातून ते घेतलं, टॉवेलात नीट गुंडाळलं आणि संगणकावर ठेवलं.