आरशाखालचं बटन

आमच्या दुकानात दोन गोष्टी कधी विकत आणाव्या लागत नाहीत. एक धूळ आणि दुसरे किस्से. झाडू मारला तरी संध्याकाळपर्यंत दोन्ही पुन्हा तेवढेच साठलेले असतात. गेट बसवून, गिऱ्हाइकाकडचा चहा पिऊन आम्ही जळगावला पोचतो न पोचतो तोच फोन येतो, "ताई, ते उघडतच नाही!" नाहीतर, "ताई, ते बंदच होत नाही!" मध्यम मार्ग आमच्या धंद्यात नाही.

आम्ही म्हणजे मी आणि सलीमभाई. गेटं, शटरं, वेल्डिंग हे त्यांचं. मोटर, वायरिंग, रिमोट हे माझं. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे. पण साइटवर गेलं की लोक मोटरचं सलीमभाईंना विचारतात आणि मला विचारतात, "ताई, चहात साखर किती घालू?" सलीमभाई दोन्हीची उत्तरं देतात, आणि दोन्ही चुकतात.

अलीकडे मोठ्या गाड्यांमध्ये आतल्या आरशाखाली एक बटन येतं. घरच्या गेटाशी त्या बटनाची एकदा ओळख करून दिली की रिमोट शोधायला नको. गाडीत बसल्या बसल्या बटन दाबा, गेट उघडतं. ओळख करून द्यायची रीत मात्र जरा चमत्कारिक आहे. आधी हातातला रिमोट आरशाजवळ धरून त्याचा सिग्नल बटनाला शिकवायचा. मग एकाने गेटाच्या मोटरच्या डब्यातलं बारीक बटन दाबायचं आणि तीस सेकंदांच्या आत दुसऱ्याने गाडीतलं दाबायचं. तीस सेकंद उलटले की सगळं मुसळ केरात, पुन्हा पहिल्यापासून!

*

फैजपूरचे नाना केळीचे मोठे व्यापारी. गाडी नवी, बंगला नवा, गेट नवं. मी डब्यापाशी बसले, सलीमभाई गाडीत. मी ओरडणार तेवढ्यात नाना म्हणाले, "थांबा! गुरुजी येताहेत. पहिलं बटन मुहूर्तावर दाबायचं, मग मंत्र, मग दुसरं."

गुरुजी आले. मी डब्यातलं बटन दाबलं. गुरुजींनी गणपतीपासून सुरुवात केली. गणपती झाला, कुलदैवत झालं, ग्रामदैवत येईपर्यंत डब्यातला दिवा विझला. पुन्हा दाबलं. या वेळी गुरुजींनी वेग वाढवला, पण कुलदैवताच्या पुढे गाडी काही जाईना. तिसऱ्या वेळी नानांच्याच खोकल्यात पाच-सहा सेकंद गेले.

मी हात जोडले. म्हटलं, "गुरुजी, तीस सेकंदांत बसेल असं काही नाही का?"

गुरुजींनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "तीस सेकंदांत फक्त दक्षिणा बसते."

ती आधी दिली. मग गेट उघडलं.

*

जळगावात एका घरी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेट बंद होईना. "कालपर्यंत चांगलं होतं हो! पूजा केली आणि बिघडलं," घरातल्या आजी फोनवर म्हणाल्या. त्यांचा रोख पूजेवर होता की आमच्यावर, ते कळलं नाही.

गेटाच्या दोन्ही खांबांना एकेक काळी भिंगासारखी काच असते. मध्ये माणूस, गाय, काहीही आलं की गेट आपोआप थांबतं. जाऊन पाहिलं, तर दोन्ही काचांवर हळदीकुंकवाचा जाड थर! गेटाला वाटत होतं की मध्ये कोणीतरी कायमचं उभं आहे.

मी सलीमभाईंना म्हटलं, "पुसा."

"मी?" सलीमभाई दोन पावलं मागे सरकले. "ताई, उद्या कोणी म्हणेल, सलीमने देवाचं कुंकू पुसलं. मोटर माझ्या डोक्यावर पडली तर चालेल, हे नको." शेवटी मीच पुसलं. आजींना समजावून सांगितलं की हे त्याचे डोळे आहेत, यांना दिसायला पाहिजे.

आजींनी जीभ चावली. "अगं बाई! म्हणजे आम्ही बिचाऱ्याच्या डोळ्यांतच कुंकू घातलं!" आणि त्यांनी काचेच्या बरोबर चार बोटं वर, कपाळाच्या जागी, नवं लावलं.

*

आता सलीमभाईंच्या धुळ्याबद्दल सांगायला हवं. त्यांची एकुलती एक मुलगी, नसरीन, धुळ्याला दिली आहे. तिच्यावर त्यांचा इतका जीव की तिचं नाव निघालं की वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढतात. पण बाप उठसूट लेकीच्या सासरी गेला तर लोक नाही नाही ते बोलतात.

"ताई, नुसता गेलो तर मोहल्ला विचारतो, क्या हुआ, पोरगी नांदत नाही का? कामावर गेलो आणि जाता जाता जेवलो, तर कोणी काही विचारत नाही." त्यामुळे धुळ्याचं काम म्हटलं की सलीमभाई भाव निम्म्यावर आणतात. यावल-रावेरची गेटं त्यांच्या हातून एका फेरीत होतात. धुळ्याच्या गेटाला मात्र फायनल चेकिंग लागतं, मग फायनलनंतरचं चेकिंग, आणि ऑइल वेगळंच.

एकदा तर चाळीसगावहून परतताना म्हणाले, "ताई, धुळ्यावरून जाऊ. रस्ता चांगला आहे." चाळीसगावहून जळगावला धुळ्यावरून यायचं म्हणजे द्राविडी प्राणायाम! मी लगेच हो म्हटलं. नसरीनच्या हातची शेवभाजी मलाही आवडते.

*

त्याच चाळीसगावच्या कामाची गोष्ट. तिथल्या भाऊंना गेट हवं होतं ते गल्लीतली गुरं, पोरं आणि नातेवाईक आत येऊ नयेत म्हणून. बटन शिकवायला आम्ही गेलो, तर चुलतभाऊ आपली गाडी घेऊन हजर. "मन्ही गाडीलेबी शिकाडी द्या ना ताई." भाऊंना नाही म्हणवेना. मग मेहुणा आला, मग व्याही आले, मग शेजारचे सरपंच. भाऊबंदांना नाही कसं म्हणायचं?

"भाऊ, मोटरच्या मेमरीत मोजकीच जागा असते," मी म्हटलं.

"राहू द्या ताई, जागा मनात पाहिजे," भाऊ म्हणाले. गल्लीने टाळ्या वाजवल्या.

दोन दिवसांनी भाऊंचा फोन. ते गेटाबाहेर उभे होते, बाकी सगळे आत. मेमरी भरली की मोटर सगळ्यांत जुनी ओळख पुसून नव्याला जागा देते. आणि सगळ्यांत जुनी ओळख कोणाची? भाऊंची!

"गेट मन्हं शे, मोटर मन्ही शे," भाऊ ओरडत होते, "बठ्ठा मझार बशी च्या पी राहिनात, अन् मी बाहेर!"

*

जळगावच्या एका डॉक्टरांनी जुनी गाडी विकली. गाडी विकताना बटनातली ओळख पुसायची असते, हे आम्ही दरवेळी सांगतो आणि लोक दरवेळी विसरतात. गाडी घेतली गावातल्याच एका कापडवाल्याने. त्याला बटन कशाचं ते माहीत नव्हतं. जिथे जाईल तिथे दाबून बघायचा. एका दुपारी डॉक्टरांच्या घरावरून जाताना त्याने दाबलं आणि समोरचं गेट आपोआप उघडलं. त्याला वाटलं, कोणीतरी आपल्याला बोलावतंय. गेला आत.

डॉक्टर दवाखान्यातून घरी आले तेव्हा एक अनोळखी माणूस त्यांच्या डायनिंग टेबलापाशी बसून भरीत आणि कळण्याची भाकरी खात होता.

"कोण हे?" डॉक्टरांनी बायकोला आत बोलावून विचारलं.

"मला काय माहीत?" बाई म्हणाल्या. "गाडी आपल्या जुन्या गाडीसारखी वाटली. आणि गेट स्वतः उघडून आला, म्हणजे तुमच्याकडचाच कोणीतरी असणार. मी नाव विचारलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, माझ्या माणसांना ओळखत नाहीस."

डॉक्टर बाहेर येऊन पाहुण्याच्या समोर बसले. त्यांनीही भाकरी मागितली. आता दोन्ही घरांचं जाणं-येणं आहे. बटन अजून कोणी पुसलेलं नाही.

*

आता धुळ्याचे आबा.

आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागतो. पुण्याच्या मुलाने आई-वडिलांना नवी गाडी घेऊन दिली आणि आईचे गुडघे दुखतात म्हणून गेटाला मोटर. तोपर्यंतची रीत अशी की आबा भाजी-दूध घेऊन परत आले की गेटासमोर दोनदा हॉर्न वाजवायचे, आणि त्यांच्या पत्नी, अक्का, हातातलं काम टाकून गेट उघडायला यायच्या.

आम्ही मोटर बसवली, गाडीतलं बटन शिकवलं. घरातल्या माणसांसाठी पोर्चच्या खांबावर एक साधं बटनही दिलं, ते दाबलं तरी गेट उघडतं. आबा खूश झाले. ते कॉलनीचे अध्यक्ष. म्हणाले, "महिनाभर बघतो. चांगलं चाललं तर कॉलनीतली सगळी गेटं तुमची." सलीमभाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. सगळी कॉलनी! म्हणजे नसरीनकडे वर्षभर जेवण, आणि मोहल्ल्याने काही विचारायचं नाही.

आठवड्यात फोन आला. "बटन चालत नाही!" आम्ही येतोय असं कळवून गेलो. बटन उत्तम चाललं. आबांनी दाबलं, मी दाबलं, सलीमभाईंनी दाबलं. अक्कांनी आम्हाला चहा दिला. आम्ही परतलो आणि पुन्हा फोन. पुन्हा गेलो, पुन्हा बटन उत्तम!

"आयुष्यभर मी धरणाचे दरवाजे उघडले," आबा गरजले, "आणि हे एवढंसं गेट मला दाद देत नाही? मी हॉर्न वाजवतो, मग ही येते, खांबावरचं बटन दाबते, मग उघडतं. मोटर कशाला बसवली मग? अजून एकदा असं झालं तर कॉलनीला मी दुसऱ्याचं नाव सांगणार. तोंडावर सांगतोय." त्या दिवशी नसरीनकडे सलीमभाई धड जेवलेसुद्धा नाहीत. मला फार वाईट वाटलं. एरवी हा माणूस लेकीच्या ताटावर बसला की उठवावा लागतो.

तिसऱ्या वेळी आम्ही न कळवताच गेलो. आबा भाजी आणायला गेले होते. सलीमभाईंनी पोर्चमधला वायरिंगचा डबा उघडला; झाकणाचे स्क्रू आधीच ढिले होते. गाडीच्या बटनाचा सिग्नल पकडणाऱ्या भागाला तिथे एक वेगळा स्विच असतो. तो बंद होता. आणि त्याच्यावर कणकेचं बोट उमटलेलं होतं. ओलं!

"ताई, सुटलो!" सलीमभाईंनी माझा हातच धरला. "फॉल्ट आपला नाही! कॉलनी आपली!"

मागे बांगड्या वाजल्या. दारात अक्का उभ्या होत्या. कणकेचे हात तसेच. सलीमभाईंचं बोट त्या स्विचवर होतं, ते त्यांनी पाहिलं.

"आबांना दाखवणार का हो?" त्यांनी विचारलं.

"दाखवायलाच पाहिजे अक्का," सलीमभाई म्हणाले. "आमच्या नावाचा सवाल आहे."

अक्का थोडा वेळ बोटांची कणीक सोडवत राहिल्या. मग म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मीच यांची वाट बघत आले. साइटवरून येतील, दौऱ्यावरून येतील. जेवायला थांबायचं, झोपायला थांबायचं. त्या गेटापाशी तेवढी हे माझी वाट बघतात." आणि त्या आत गेल्या.

तेवढ्यात आबांची गाडी आली. काचेतून दिसत होतं, आबांनी आरशाखालचं बटन दाबलं. पुन्हा दाबलं. मग खिडकीतून डोकं काढलं.

"बघा! तुमच्या डोळ्यांदेखत! काय निघालं डब्यात?"

मी सलीमभाईंकडे बघत राहिले. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. एकेक स्क्रू घट्ट पिळला.

"आबा, फॉल्ट आमचाच आहे," ते म्हणाले. "कुठे आहे ते सापडत नाही."

"मग कॉलनीला मी काय सांगू?"

"जे दिसतं ते सांगा. सलीमच्या गेटाचं बटन चालत नाही म्हणून सांगा."

"आणि मी काय करू? इथेच बसून राहू?"

"हॉर्न वाजवा, आबा."

आबांनी दोनदा हॉर्न वाजवला.

"आले हो! थांबा जरा!" आतून अक्कांचा आवाज आला.

त्या दारामागेच उभ्या होत्या.