कार्डावर आबांचं नाव

कोल्हापूर स्टेशनवर गाडी सुटायला वीस मिनिटं होती आणि मी ट्रंकेतल्या सामानाची यादी तिसऱ्यांदा तपासत होते. लोकरी मोजे, लसणाची चटणी, दाखले. आई म्हणाली, "कागदात काय बघतीस? आमच्याकडं बघ की जरा." गाडी हलली तेव्हा आबा खिडकीशी आले. "साहेब भला माणूस हाय. पर भ्या वाटलं तर मला लिव. लपवू नगंस."

तुम्ही जे उचगावात राहिलात, आणि जे माझ्यासारखे लांब गेलात, त्या सगळ्यांना हे आज सांगते. आबा गेले, साहेबही गेले. आता सांगायला हरकत नाही.

साहेब म्हणजे उत्तर जर्मनीतले एक ल्यूथरपंथी बिशप. चर्चचा कारभार सांभाळून धर्मांचा इतिहास लिहिणारे. माणसं धर्म बदलतात तेव्हा जुन्यातलं काय सोडतात आणि काय ठेवतात, हा त्यांचा जन्माचा विषय. त्यासाठी ते एक हिवाळा कोल्हापुरात राहिले होते. आम्ही छप्पन सालापासून बौद्ध. शाळामास्तर असलेले माझे वडील, आबा, त्यांना उचगावात घरोघर घेऊन जायचे. साहेबांचं मराठी पुस्तकातून आलेलं. "आपली अनुमती असल्यास मी आसन ग्रहण करू का?" असं ते विचारायचे आणि आबा म्हणायचे, "बसा की पावणं, घोंगडं काय चावत न्हाय."

पुढं त्यांना मराठी टिपणं लावायला माणूस हवा होता. माझं ग्रंथालयाचं शिक्षण झालं होतं, टायपिंग येत होतं. त्यांनी पत्र पाठवलं आणि एकाहत्तर साली मी गेले.

साहेबांच्या घरात वरच्या मजल्यावर टिपणांच्या कार्डांनी भरलेले लाकडी खण होते. सकाळी ते चर्चची पत्रं लिहीत, दुपारी फक्त कार्डं. मी आधी प्रत्येक कार्डाला क्रमांक घातला, मग एकेक वाचून विषयवार सूची करू लागले. हीटरला 'हाइत्सुंग' म्हणायला शिकले, काळा पाव गिळायला शिकले. काम चोख चाललं होतं.

मग चारशे बारावं कार्ड हाती आलं. वर आबांचं पूर्ण नाव, गाव, शाळा. खाली साहेबांच्या बारीक अक्षरात: 'देव नदीत सोडण्यास सर्वांना यांनीच नेले. स्वतःच्या आईचा टाक मात्र ठेवून घेतला. तो धान्याच्या कणगीत आहे. हे त्यांनी मला एकट्यास सांगितले; अन्य कोणासही ठाऊक नाही.'

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव. आमच्या कणगीतून मी रोज जोंधळे काढले होते. मलाही ठाऊक नव्हतं.

या कार्डांवरून साहेबांचं पुस्तक छापायला जाणार होतं, आणि त्याची एक प्रत कोल्हापूरला येणारच होती. छप्पन साली देव सोडायला पंचगंगेवर जायच्या दिवशी एका म्हातारीनं आबांचे पाय धरले होते. "मास्तर, येवढा येक ऱ्हाऊ दे. माझ्या सासूचा हाय." आबा म्हणाले होते, "न्हाय मावशी. येक ठेवला तर समदं ऱ्हायलं." तिनं रडत दिला होता. मी तिथंच उभी होते. आता ती आणि तिची मुलं काय म्हणतील? आबांना गावात तोंड दाखवता येईल का?

मी कार्ड कोटाच्या खिशात घातलं. क्रमांक मीच घातले आहेत, चारशे अकरानंतर एकदम चारशे तेरा दिसेल, हे सुचलंच नाही. सुचलं तेव्हा परत ठेवायचा धीर होईना. तीन दिवस जिन्यावर पाऊल वाजलं की वाटायचं, आज साहेब मला परत पाठवणार.

चौथ्या दिवशी त्यांनी खण उघडला. "चारशे बारा कोठे आहे?"

मी कार्ड टेबलावर ठेवलं. ते वाचून साहेबांनी खण लावून घेतला. मग म्हणाले, "तरुणपणी मी एका खेड्यात पाद्री होतो. यहुदी धर्मातून आमच्याकडे आलेल्या कुटुंबांची नावे नाझी सरकारने मागितली. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतून मी ती उतरवून दिली. सुवाच्य अक्षरात. नंतर त्या घरांत कोणी राहिले नाही."

त्यांनी नाव खोडायला पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. नाव खोडलं तरी सगळ्यांना नदीवर नेणारा मास्तर उचगावात एकच होता. कार्ड माझ्याकडं सरकवून ते म्हणाले, "हे तुमच्या वडिलांचे आहे. त्यांना विचारा. ते नको म्हणाले, तर मी जाळतो."

मी लिहिलं. उत्तराला दीड महिना लागला. पोस्टमन दिसला की भीती वाटायची, नाही दिसला तरी वाटायची.

आबांचं पत्र अर्ध्या पानाचं होतं. 'साहेबांस सांगणे, आहे तसे छापा. पुस्तकातून कळण्याआधी मीच सांगितले. पौर्णिमेस विहारात उभा राहिलो. चौघे उठून गेले. बाकीचे बसले. टाक अजून कणगीतच आहे. त्याचे काय करावे, मला कळत नाही.'

पुस्तक निघालं, आबांच्या नावासकट. चौघं कोण ते आबांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी जर्मनीतच राहिले; दर दोन वर्षांनी उचगावला येते. कुणाकडंही गेले तरी उंबऱ्याशी थांबते: हे त्या चौघांतलं घर तर नव्हे? मग आतून आवाज येतो, "मास्तरांची न्हवं तू? भाईर का हुबी? आत ये की."

मी तशीच, भीत भीत आत जाते. न घाबरता जाता येईल अशी दारं तिकडं पुष्कळ आहेत. ती घरं माझी नाहीत.